क्लेमने तोंड उघडलं

लग्नात माझ्या नवऱ्याचं नाक सरळ होतं. फोटो आहे, हवा तर दाखवते. पुढच्या मोसमात ते डावीकडे गेलं, त्याच्या पुढच्या मोसमात उजवीकडे आलं, आणि मग ते कुठे आहे याची चौकशी करणंच मी सोडून दिलं.

क्लेम रॅडफर्ड गिप्सलँडचा, मेलबर्नपासून लांब खेड्यातला. गाईंच्या गोठ्यात वाढलेला. मेलबर्नच्या सॉल्टवॉटर फुटबॉल क्लबच्या माणसाने त्याला कुठल्याशा गावच्या सामन्यात पाहिलं. चेंडू झेलताना नव्हे, एका धिप्पाड गड्याला उचलून कुंपणापलीकडे फेकताना! त्या माणसाने त्याच संध्याकाळी क्लेमच्या आईसमोर बसून चहा घेतला आणि पोराला मेलबर्नला आणलं. आठवडाभर वखारीत लोकरीचे गठ्ठे उचलायचे आणि शनिवारी माणसं आडवी करायची, अशी त्याची नोकरी.

आमच्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये चेंडू हाताने झेलायचा, घेऊन पळायचा आणि लाथेने खांबांमधून मारायचा. चेंडू घेऊन पळणारी चपळ पोरं आमच्याकडे होतीच. त्यांच्या अंगाला जो हात लावेल त्याच्याकडे बघणं हे क्लेमचं काम. कोच त्याला चेंडूबद्दल फारसं काही सांगतच नसे. "क्लेम, तो तेरा नंबर आज फारच पळतोय रे," एवढंच म्हणायचा. दुसऱ्या सत्रात तेरा नंबर स्ट्रेचरवर. कुणाचे दात, कुणाचा खांदा, एकाचा तर कान लोंबत होता. मी कुंपणाला टेकून, हातात खिम्याचा गरम पॅटिस, वर टोमॅटोचा सॉस, आणि घसा ताणून ओरडत असे, "दे अजून एक ठेवून!" मैदानात आम्हा सॉल्टवॉटरच्या बायकांना पुरुष घाबरत. छत्र्या काय फक्त पावसासाठी असतात?

सामना संपला की दोन्ही संघ एकाच बारमध्ये. ज्याने बरगडी मोडली त्यानेच पहिला ग्लास पाजायचा. पंचाने तक्रार केलीच, तर मंगळवारी शिस्त समितीपुढे मार खाणाऱ्याने उभं राहायचं आणि सांगायचं, "पाय घसरला, साहेब." तोंडावर टाके, डोळा सुजून बंद, आणि म्हणे पाय घसरला! अळीमिळी गुपचिळी. जो नाव घेईल त्याला कुत्रंही विचारणार नाही. या रीतीच्या जिवावर क्लेम किती मोसम खेळला ते मला विचारा.

मग लेस आला. माझा धाकटा दीर. अंगाने काडी, पण चेंडू त्याच्या हाताला जणू बांधलेला. क्लबने त्यालाही उचललं. क्लेम त्याला आणायला गावी गेला, तेव्हा सासूबाई गाडीत बसवायला स्टेशनवर आल्या होत्या. क्लेमच्या कोटाचं बटण धरून म्हणाल्या, "याला सांभाळ. याला उलटून मारता येत नाही." क्लेम हसला. "आई, त्यासाठीच तर मी आहे ना!"

लेस आमच्याच घरी राहायचा. रविवारी मटण भाजलं की बटाट्यांवर त्याचा डोळा. "वहिनी, दादाला कमी वाढ, तो पळतो कुठे? नुसता उभा राहून धक्के मारतो."

"अन् तू पळतोस ते कुणाच्या जिवावर रे, माकडा?" असं म्हणून क्लेम त्याच्या डोक्यात चमचा हाणायचा. खरंच होतं ते. क्लेम मैदानात असेपर्यंत लेसला बोट लावायची कुणाची छाती नव्हती.

त्या वर्षी आम्ही उपांत्य फेरीत क्वारी हिल क्लबशी भिडलो. त्यांच्याकडे मर्व्ह पास्को होता. आठवडाभर खाटीक, आणि शनिवारी तर नक्कीच खाटीक. चेंडू पार मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, सगळ्यांच्या माना तिकडे, आणि पास्कोने मागून येऊन क्लेमच्या जबड्यावर मूठ घातली. तो आवाज मला कुंपणापर्यंत ऐकू आला. क्लेम गुडघ्यांवर बसला आणि त्याच्या तोंडातून रक्ताबरोबर दाताचे तुकडे गवतावर पडले. सामना आम्ही जिंकलो. पण जबडा दोन ठिकाणी मोडला होता. डॉक्टरने दात तारेने घट्ट बांधून टाकले, नळीने सूप प्यायला सांगितलं. त्याचा मोसम संपला.

लीगच्या नियमाने हरलेल्या क्वारी हिलला अजून एक सामना मिळणार होता. तो ते जिंकले तर अंतिम सामन्यात पुन्हा आमची आणि त्यांचीच गाठ. एका पंचाने मात्र पास्कोचा ठोसा पाहिला होता, तक्रारही केली होती. आता क्लेमने नुसतं हो म्हणायची खोटी, की पास्को घरी बसणार.

मी म्हटलं, "नाव घे. अंतिम सामन्यात तू नाहीस. लेसकडे कोण बघणार?"

तारांमधून तो बोलला, "मी झोपवलेल्यांपैकी एकाने तरी माझं नाव घेतलं का, डल्सी?"

"ते गेले खड्ड्यात! आईला काय शब्द दिलायस?"

"पास्को असं करणार नाही. त्याचं भांडण माझ्याशी होतं."

मंगळवारी समितीपुढे त्याचा पाय घसरला. पास्को मोकळा सुटला, बाहेर येऊन क्लेमच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "मर्द आहेस, रॅडफर्ड." आणि माझा नवरा एवढा खूश झाला की मला घरी आल्यावर सूप त्याच्या डोक्यावर ओतावंसं वाटलं.

क्वारी हिल आलेच अंतिम सामन्याला. क्लेम कोट घालून राखीव खेळाडूंच्या बाकावर बसला, मी त्याच्या मागच्या रांगेत. लेस त्या दिवशी असा खेळला की शत्रूही शिव्या द्यायचे विसरले. शेवटचं सत्र सुरू झालं. लेसने लांबून गोल मारला आणि जागीच उभा राहून, हात वर करून, चेंडू खांबांमधून जाताना बघत राहिला. पास्को बाजूने धावत आला. त्याला थांबायला जागा होती, वळायला जागा होती. त्याने कोपर वर काढलं आणि सरळ लेसच्या डोळ्यात घातलं.

लेस पडला तो हललाच नाही. चेहऱ्याची डावी बाजू आत बसली होती. क्लेम कोटासकट मैदानात धावला. बांधलेल्या दातांमधून जनावरासारखा आवाज काढत त्याने पास्कोचा गळा धरला. पाच-सहा जणांनी मिळून क्लेमला ओढून काढलं, तर त्याची नखं रक्ताने माखलेली. आम्ही कप जिंकला, सगळा सॉल्टवॉटर रस्त्यावर नाचला. लेसचा डावा डोळा डॉक्टरांनी काढून टाकला.

मंगळवारी बायकांना आत सोडत नव्हते. मी घुसले. दारावरच्या म्हाताऱ्याला म्हटलं, हात लावून तर बघ.

समितीने क्लेमला विचारलं, काय पाहिलंत? आमच्या क्लबचा सेक्रेटरी खालून त्याचा कोट ओढत होता, मला दिसत होतं. क्लेम उठला. तारेमुळे शब्द चिरडून येत होते, पण प्रत्येक शब्द कळला. "मर्व्ह पास्कोने कोपर मारलं. चेंडू तिथे नव्हता. मुद्दाम मारलं. आणि माझा जबडाही त्यानेच मोडला. मागच्या वेळी मी खोटं बोललो."

देवाशपथ, त्या माणसाचा इतका अभिमान मला लग्नाच्या दिवशीही वाटला नव्हता.

मग त्यांनी लेसला उभं केलं. अर्धं डोकं पट्टीत, रंग राखेचा. उरलेल्या डोळ्याने त्याने भावाकडे पाहिलंही नाही. "पास्को जवळपासही नव्हता, साहेब," तो म्हणाला. "माझाच पाय घसरला. दादाला लांबून नीट दिसलं नसेल."

मार खाणारा स्वतःच नाही म्हणतो, तिथे भावाचं आणि तक्रार करणाऱ्या पंचाचं कोण ऐकणार? समितीने पास्कोला सोडून दिलं.

बाहेर पायऱ्यांवर क्लेम लेसच्या मागे गेला. "लेस, अरे तुझा डोळा गेला!"

"गेला तर गेला!" लेस ओरडला. "नाव तरी राहिलं असतं माझं. आता जन्मभर मी चुगलखोराचा भाऊ! तू आधी बोलला असतास तर डोळा वाचला असता. नाहीतर मग मरेपर्यंत गप्प बसायचं होतंस."

पास्कोने गाडीचं दार उघडून धरलं होतं. लेस त्यात बसला आणि ते दोघं बियर प्यायला गेले.

पुढच्या मोसमाच्या पहिल्या सरावाला क्लेम गेला. मी म्हटलं होतं, जाऊ नकोस. चेंडू झेलायला त्याने उडी मारली, आणि हवेत असताना त्याच्याच संघातल्या तिघांनी त्याला गुडघ्यांवर घेतलं. बरगड्या गेल्या, एक फुप्फुसात घुसली. कोच म्हणाला, ऊन डोळ्यांवर होतं. क्लेमची कारकीर्द तिथेच संपली. क्लबच्या भिंतीवर कप जिंकलेल्या वर्षाची तसबीर आहे, तिच्यात बाकावर बसलेला कोटवाला माणूस कापलेला आहे. वखारीत मात्र तो म्हातारा होईपर्यंत गठ्ठे उचलत राहिला. लेस आमच्या घराची पायरी पुन्हा चढला नाही.

गेल्या हिवाळ्यात क्लेम गेला. हॉस्पिटलात, अगदी शेवटी, मला जवळ बोलावून म्हणाला, "लेसला सांग, मी चुकलो. बोलायला नको होतं."

एवढं सोसून शेवटी हे? मरायला टेकलेल्या माणसावर हात उचलता येत नाही म्हणून, नाहीतर मी उचलला असता. जन्मभर हातांनी लोकांना फोडलं त्याने, आणि एकदाच, एकदाच मेला तोंडाने खरं बोलला. त्याबद्दल माफी मागायची?

चर्चबाहेर लेस उभा होता. केस पांढरे, काचेचा डोळा सरळ माझ्याकडे, दुसरा जमिनीकडे. टोपी हातात चुरगाळत होता.

"वहिनी," तो म्हणाला, "दादा जाताना माझ्यासाठी काही बोलला का गं?"

"नाही," मी म्हटलं. "काहीच बोलला नाही."