येम मावशीनं बुजवलेला खड्डा

येम मावशीच्या अंगणात वाळलेलं पान पडलेलं मी कधी पाहिलं नाही. आंब्याचं पान देठापासून सुटलं की जमिनीला टेकायच्या आत ही बाई खराटा घेऊन हजर, असं आम्ही हसून म्हणायचो. आमच्या त्रपांग ख्नोर या सीमेवरच्या गावातलं एकही लग्न तिच्याशिवाय उरकलं नाही. भिक्खूंना कुठल्या चटईवर बसवायचं, आंबट सार किती पातेली लागेल, हे नवरीच्या आईला नाही, येम मावशीला विचारायचं. पाहुणे यायच्या आदल्या दिवशी ती सगळ्या गल्लीवर ओरडत फिरायची. "अगं ए, तुझ्या दारात काय म्हशी लोळल्यात? लोक येणार, गावाची लाज काढशील!" मी गावच्या शाळेची बाई, तरी मीसुद्धा दोनदा तिच्या शिव्या खाल्ल्यात.

ही बाई सीमेपलीकडे खोटारडी म्हणून गाजली. लाखो लोकांनी तिला फोनवर पाहिलं आणि हसले. म्हणून खरं काय ते मी सांगते आहे. सांगताना माझंच नाक कापलं जाणार, ते जाऊ दे.

तिचा नवरा हुओत काका. तरुणपणी सुरुंगावर पाय पडला आणि डावा पाय गुडघ्याखाली गेला. तरी माणूस काजूची बाग राखायचा, लाकडी पायावर झपझप चालायचा. गेल्या वर्षी पोटात पाणी भरायला लागलं. तालुक्याच्या दवाखान्यातला डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाला, "बाई, यांना घरीच ठेवा. खड्ड्याखुड्ड्यांच्या रस्त्यानं ट्रॉलीत घालून कुठं नेलंत, तर वाटेतच जातील." तेव्हापासून काका खांबांवर उभ्या घराखालच्या सावलीत बांबूच्या बाजेवर पडून असायचे. उशाला क्रमा, आमचा तो चौकडीचा पंचा, गुंडाळून ठेवलेला.

ते मला म्हणायचे, "बाई, या आयुष्यात चार वेळा पळालो. पहिल्यांदा आईच्या पाठीवर होतो. आता पाचव्यांदा नाही पळायचं. मरायचंच आहे, तर या बाजेवर मरेन."

मावशी तिकडून ओरडायची, "मरा, मरा! आधी ही पेज संपवा, मग मरा!" आणि खांद्यावरच्या पंच्यानं डोळे पुसायची. दोघांना मूलबाळ नव्हतं. तिला आता एवढंच हवं होतं, या माणसाला शेवट घरात यावा.

पावसाळ्यात सीमेवरच्या डांगरेकच्या डोंगरावर पाच दिवस तोफा चालल्या आणि मग तह झाला. तह कसला, नुसता कागद. भात कापणीला आलं तसे पुन्हा गोळे पडायला लागले. आज एक, दोन दिवसांनी दोन. पलीकडचे म्हणायचे, आम्ही टाकलाच नाही, त्यांनी स्वतःच्याच गावात टाकला. आमचेही त्यांच्या गावांबद्दल तेच म्हणायचे. आमच्याही तोफा काजूच्या बागांमागे आणून ठेवल्या होत्या, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं, पण बोलायचं कुणी? रोज आवाज थोडा जवळ यायचा.

मग निरीक्षक आले. शेजारच्या देशांच्या वकिलातींतले लष्करी अधिकारी, पांढऱ्या गाड्या, दंडावर निळी पट्टी. त्यांना आमची भाषा येणारं माणूस हवं होतं. मला इंग्रजी येतं, शाळा बंद पडलेली, मी त्यांच्याबरोबर फिरायला लागले. त्यांचा प्रमुख एक उंच कर्नल होता. माणूस वाईट नव्हता. पण त्याचा नियम एकच: जे डोळ्यांनी दिसलं आणि टेपनं मोजलं, तेच लिहायचं. खड्ड्याची खोली मोजायची, कडा कुठल्या बाजूला जास्त फाटलीय ते बघायचं, त्यावरून गोळा कुठून आला ते काढायचं. ऐकीव गोष्टीला त्याच्या वहीत जागा नव्हती. पन्नास दिवस मी हे बघत होते. मला तो नियम पाठ होता. हे लक्षात ठेवा.

त्यांच्या अहवालावर एक पट्टा ठरणार होता. ज्या गावात गोळे पडल्याचं सिद्ध होईल, त्या गावाच्या आसपासच्या तोफा दोन्ही बाजूंनी मागे न्यायच्या. आमच्या गावात तीन गोळे पडले होते. एक शाळेच्या वाटेवर, एक देवळाच्या तळ्याकाठी आणि एक येम मावशीच्या अंगणात, बाजेपासून वीस पावलांवर. काका वाचले कसे, देव जाणे. पट्ट्यात गाव आलं तर तोफा जातील, काका घरात राहतील. नाही आलं तर पळावं लागेल. मावशीला हे मीच समजावून सांगितलं होतं. ती म्हणाली होती, "म्हणजे ते साहेब आले की आपण सुटलो."

निरीक्षक येणार त्याच्या आदल्या दिवशी दुपारी मी तालुक्याला होते. कर्नलच्या अहवालाचे कागद उलटेपालटे करत होते, डोकं भणाणलं होतं. तेवढ्यात मावशीचा फोन.

"पोरी, उद्या साहेब लोक येणार ना? मी सगळं गाव कामाला लावलंय. तेवढा अंगणातला खड्डा बुजवून घेऊ का? भिक्खू पाणी शिंपडायला तयार आहेत."

अंगणात उघडा खड्डा ठेवू नये, मेलेल्यांना ते बोलावणं वाटतं, असं आमच्याकडची म्हातारी माणसं मानतात. पाहुणे यायच्या दिवशी तर नाहीच नाही. मी अर्धवट ऐकलं. समोर कर्नल पेन्सिल टकटकवत उभा होता. मी म्हणाले, "हो हो मावशी, करा, छान करा," आणि फोन ठेवला.

पन्नास दिवस मी त्याच्यामागे टेपचं दुसरं टोक धरून उभी राहिले होते, आणि मी म्हणाले, छान करा. अजून माझ्या जिभेला आग लागली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाड्या गावात शिरल्या आणि माझी पाचावर धारण बसली. गाव असं सजलं होतं, जणू लग्नच. रस्त्याच्या दोन्ही कडा झाडलेल्या. शाळेच्या वाटेवर नवी लाल माती दाबून बसवलेली. तळ्याचा काठ सारखा केलेला. गोळ्यांचे लोखंडी तुकडे सैनिकांनी आधीच उचलून नेले होते. मावशीच्या अंगणात खड्डा होता तिथं केळीचं रोप लावलं होतं आणि त्याला पाणी घातलं होतं. मावशी सणासुदीची नवी रेशमी लुंगी नेसून, हात जोडून उभी. शेजारी केळीच्या पानात बांधलेल्या चिकट भाताच्या पुड्यांचं ताट.

कर्नलनं सगळीकडे पाहिलं. "खड्डे कुठं आहेत?"

मी मावशीला विचारलं. ती उत्साहानं म्हणाली, "अगं, हे काय इथं! असा बुजवलाय की सांगूनही कळायचं नाही!"

मी कपाळाला हात लावला. कर्नलला सगळं सांगितलं: पाहुण्यांची रीत, भिक्खू, पाणी, रोप. गावप्रमुख त्रुओन पुढं आला, त्यानं फोनमधले फोटो दाखवले. कर्नलनं ते नीट पाहिले. "फोटो कुठल्याही गावाचे असू शकतात, मॅडम. मी विश्वास ठेवतो. पण माझा विश्वास वहीत लिहिता येत नाही." तो भाताची पुडीसुद्धा खायला घेत नव्हता, नियमच होता तसा.

"काय म्हणतात गं?" मावशीनं विचारलं.

"मावशी, ते म्हणतात, खड्डा दिसत नाही, तर गोळा पडला असं लिहिता येणार नाही."

तिच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, क्षणभर. मग तिनं बाजेकडे पाहिलं. काका डोळे मिटून पडले होते. मग ती वळली, खांबाला टेकवलेली कुदळ उचलली, केळीचं रोप मुळासकट उपटून फेकलं आणि खणायला लागली. पासष्ट वर्षांची बाई, नवी लुंगी चिखलात, आणि मोठ्यानं ओरडतेय, "दाखवते! इथंच होता! गळ्याइतका होता! थांबा, जाऊ नका, दाखवते साहेब!"

मी तिचा हात धरायला धावले. "मावशी, नको, नको ना, असं नका करू!"

"सोड! तू सोड मला! तो माणूस वाटेत मरेल गं!"

कर्नलच्या माणसानं कॅमेऱ्यात एक फोटो घेतला, तोही नियमानंच. आणि कुंपणाबाहेरून आमच्याच गावातल्या कुणीतरी फोनवर सगळं टिपलं आणि संध्याकाळी टाकून दिलं, 'बघा आमच्या मावशीचे हाल' असं लिहून. चांगल्या मनानंच टाकलं. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

दुसऱ्या दिवशी पलीकडच्यांनी तोच व्हिडिओ उचलला. वर लिहिलं, 'हे लोक गोळ्यांचे खड्डे असे तयार करतात.' बाईच्या हातात कुदळ, समोर गणवेशातले परदेशी साहेब. दुसरा पुरावा कशाला हवा? अहवालात आमच्या गावापुढं दोनच ओळी आल्या. गोळ्याच्या खुणा आढळल्या नाहीत. एक वृद्ध स्त्री जमीन खणताना दिसली. टाइप केलेल्या कागदावरच्या त्या ओळी मीच गावप्रमुखाला आमच्या भाषेत वाचून दाखवल्या. पट्टा ठरला, गाव त्यात नव्हतं.

चार दिवसांनी सकाळी पेज रटरटत होती आणि तोफा सुरू झाल्या. या वेळी एक-दोन नाहीत, मोजता येईनात. लाउडस्पीकरवर त्रुओन ओरडत होता, सगळ्यांनी निघा. हुओत काकांनी बाजेचा बांबू दोन्ही हातांनी धरला. "मला राहू द्या. अगं येम, सांग ना यांना, मला राहू दे." मावशीनं एकेक बोट सोडवलं. ती रडत नव्हती, नुसती बोटं सोडवत होती आणि म्हणत होती, "चला हो, पोहोचू, हळू नेतील, चला." तिघांनी उचलून त्यांना हातट्रॅक्टरच्या ट्रॉलीत निजवलं. भाताच्या पोत्यांवर.

रस्ता माणसांनी, कुत्र्यांनी, मोटारसायकलींनी भरला होता. मी ट्रॉलीच्या मागून चालत होते. पुलाच्या अलीकडे मावशीनं ट्रॅक्टरवाल्याला हाक मारली, "थांबव रे बाबा." तो म्हणाला, "इथं नाही थांबता येणार मावशी, मागून गोळे येताहेत." ती म्हणाली, "बरं, मग चालव. आता काही घाई नाही." तेव्हा मला कळलं.

छावणी म्हणजे तालुक्याच्या देवळाचं आवार, निळ्या ताडपत्र्या, पाण्याची एक टाकी. काकांचं तिथंच घाईत दहन केलं, हजार माणसांचे कपडे वाळत घातलेल्या दोऱ्यांशेजारी. टाकीपाशी रांगेत उभी राहिली की बायका मुद्दाम मोठ्यानं बोलायच्या. "आल्या बघा गावाच्या कारभारीणबाई. यांच्या झाडलोटीनं गाव देशोधडीला लागलं." "खड्डे बुजवायला कुणी सांगितलं होतं म्हणे?" मावशी मान खाली घालून बादली भरायची. आणि मी? मी चार माणसं मागे, रिकामी बादली घेऊन, तोंडाला कुलूप.

चौथ्या दिवशी कर्नल छावणीत आला. मेलेल्यांची नावं लिहायची होती. मी हुओत काकांचं नाव सांगितलं. त्यानं विचारलं, "गोळ्यानं?" मी म्हणाले, "आजारानं. पळताना." पेन्सिल थांबली. त्या यादीत फक्त गोळ्यानं मेलेले होते. तेवढ्यात त्याची नजर ताडपत्रीखाली बसलेल्या मावशीवर गेली. त्यानं तिला ओळखलं. जवळ जाऊन उकिडवा बसला, टोपी काढली. मला म्हणाला, "यांना विचारा, तो खड्डा बुजवायला यांना कुणी सांगितलं होतं का? वरच्या कुणी, सैन्यातल्या कुणी? असेल तर मला अहवाल दुरुस्त करता येईल. व्हिडिओचाही खुलासा करता येईल."

मी तिला विचारलं. विचारताना डोळ्यांतून पाणी येत होतं. तिच्या शेजारच्या बायकाही कान देऊन ऐकत होत्या.

मावशीनं माझ्याकडे पाहिलं. मग आमच्या भाषेत, अगदी हळू म्हणाली, "तू कशाला रडतेस पोरी? तुला अजून शाळा शिकवायचीय." आणि मग कर्नलकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "कुणी सांगितलं नाही साहेब. म्हातारीचं डोकं फिरलं होतं. माझीच अक्कल."

कर्नल माझ्याकडे बघत थांबला होता. आम्हा दुभाष्यांचाही एक नियम असतो: समोरचा जे बोलला तेवढंच सांगायचं, आपल्या पदरचं काही घालायचं नाही.

मी तेवढंच सांगितलं. त्यानं ते लिहून घेतलं.