माळावर आलेले एकशे एकतीस जण

यंदाच्या जानेवारीचा दुसरा रविवार, सकाळचे पावणेआठ. गंगाखेडच्या दक्षिणेला डोंगर सुरू होतो, तिथल्या माळावर आमचा मांडव होता. मांडवातल्या टेबलावर पत्र्याचा डबा आणि डब्यात सव्वीस हजार दोनशे रुपये. एकशे एकतीस स्पर्धक, प्रत्येकी दोनशे. टेबलापाशी आम्ही तिघं होतो: मी, माझे यजमान आणि माझे धाकटे दीर. मी रक्कम दोनदा मोजली. पैशाची हाव नव्हती, माणसं खरंच एवढी आलीत यावर विश्वास बसत नव्हता. आदल्या वर्षी एकवीस जण आले होते. त्याच्या आदल्या वर्षी सतरा, आणि त्या सतरांत चार आमच्या घरचेच.

"वहिनी, आता तरी हसा की," दीर म्हणाले. "लग्नाला एवढी माणसं येत न्हाईत, तुमच्या झेंड्याला आलीत."

मी हसले. मनापासून हसले, हे इथे सांगून ठेवते.

ही शर्यत काय असते ते आधी सांगायला हवं. माणसाच्या हातात नकाशा आणि होकायंत्र द्यायचं. माळावर, नाल्यात, खदानीत, बाभळींच्या आड दहा-बारा ठिकाणी पांढरे-केशरी झेंडे लावलेले असतात. प्रत्येक झेंड्यापाशी वेगळ्या नक्षीचा चिमटा टांगलेला. त्यानं आपल्या कार्डाला भोक पाडायचं आणि पुढचा झेंडा शोधायचा. वाट ठरलेली नाही, ती ज्यानं त्यानं नकाशावरून काढायची. एकट्यानं. सगळी भोकं पाडून जो सर्वांत कमी वेळात परत येईल तो पहिला. कॉलेजात छात्रसेनेत असताना मी हे शिकले. पुढे लग्न, नोकरी, मुलं. मुलगी बारावी झाली तेव्हा कपाट आवरताना जुनं होकायंत्र सापडलं आणि वाटलं, आपल्या तालुक्यात हे व्हायला काय हरकत आहे?

पहिल्या वर्षी सतराच का आले, याचा मी वर्षभर विचार केला. मी कॉलेजच्या कार्यालयात फीचं काम बघते. आकडा कमी आला की कारण शोधायचं, ही तिथली सवय. कारणं सापडली. शर्यत डिसेंबरात होती, त्या रविवारी कसलीशी परीक्षा होती. कारखाना चालू, रस्त्यानं उसाचे ट्रॅक्टर, एसटी तासभर अडकायची. दुसऱ्या वर्षी फेब्रुवारी धरला तर लग्नाची दाट तिथी निघाली. पण मोठं कारण वेगळं होतं. आपल्याकडे माणूस एकटा कुठे जात नाही. पोरं म्हणायची, "मॅडम, दोस्तासंग जाऊ द्या ना." आणि पोरींच्या आया म्हणायच्या, "एकटीनं रानात? कशाला बाई?"

शर्यतीत चुरस नव्हती, हेही एक कारण. सतरांत नकाशा वाचता येणारे दोन. पहिला कोण येणार हे निघायच्या आधीच ठाऊक. बाकीचे फिरून आले आणि पुन्हा आले नाहीत. दुसऱ्या वर्षी तर तीन झेंडेच गायब झाले. एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं ते घरी नेले होते. आम्ही विचारायला गेलो तर त्यांनी नीट घडी घालून ठेवलेले झेंडे पेटीतून काढून दिले. "कुणाचं तरी इसरलंय म्हनलं. वाऱ्यानं फाटून जातील." चहा पाजला आणि हळूच विचारलं, "रस्त्याची मोजणी तर न्हाई ना ही?"

तेव्हा तिसऱ्या वर्षी मी सगळं नीट बसवलं. तिथी पाहून तारीख धरली. परभणीहून येणारी सकाळची गाडी पोचते त्यानंतरची वेळ ठेवली. शेतकऱ्यांना आठवडाभर आधी घरोघर जाऊन सांगितलं. बायकांना सर्वांत आधी सोडायचं आणि तीन झेंड्यांपाशी पाणी घेऊन बायकाच उभ्या करायच्या, असं ठरवलं. एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालंय, तेही धरलं. माझा अंदाज चाळिसाचा होता. चाळीस आले तर चुरस होते.

जाहिरात दिरांकडे दिली. दिवाळीपासून त्यांनी गंगाखेडात पोलीस भरतीच्या तयारीची अकॅडमी काढली होती. पोरांशी त्यांचा रोजचा संबंध. "मोबाईलवरनं चार ठिकाणी टाकतो, तुमी फकस्त झेंडे सांभाळा," असं ते म्हणाले, आणि मी झेंडे सांभाळले. नावं त्यांच्या मोबाईलवर नोंदली जायची, आकडा ते मला रोज कळवायचे.

एकशे एकतीसांत बायका-मुली चव्वेचाळीस होत्या. चुडाव्याच्या पाचजणी पहाटेच्या गाडीनं निघाल्या होत्या. बोरीहून एक जण आली होती, चोवीस-पंचवीसची, दोन एसट्या बदलून. लहान मूल सासूकडे ठेवून. मला वाटलं, माझी मांडणी बरोबर निघाली. यजमानांना मी हळूच म्हटलंही, "बघा, बायका येत नाहीत असं नसतं. सोय केली की येतात." ते म्हणाले, "हं." आणि पाण्याचे जार उचलायला गेले.

दोन-दोन मिनिटांनी एकेक सोडायचं तर एकशे एकतीसांना चार तासांवर लागले असते, म्हणून दिरांच्या सांगण्यावरून पाच-पाच सोडायचं कबूल केलं. पहिल्या बायका सोडल्या आणि मी स्वतः चौथ्या झेंड्यापाशी, खदानीच्या काठावर जाऊन बसले. तिथून सगळ्यांना जावंच लागतं.

बोरीची ती आधी आली. धापा टाकत होती, पण नकाशा डोंगराकडे बरोबर फिरवून धरलेला. भोक पाडलं, पाणी नको म्हणाली, गेली. मागून तिघी, मग दोघी. मग पोरांचा घोळका आला. एकानं भोक पाडलं, बाकीच्यांनी त्याच्या हातातनं चिमटा घेऊन पाडलं, आणि नकाशा कुणीच उघडला नाही. पुढचा कुठे जातो ते बघत थांबले. मी म्हटलं, "अरे, एकट्यानं जायचं असतं." एक हसून म्हणाला, "मावशी, एकटं गेल्यावर मजा काय?"

साडेदहा झाले. माझ्याकडे येऊन गेलेले अडतीस. नंतर अर्धा तास कोणीच नाही.

ह्या खेळात एक नियम सगळ्यांत वरचा: शर्यत सोडली तरी मांडवात येऊन सांगायचं, म्हणजे डोंगरात कोणी राहिलं नाही हे कळतं. त्र्याण्णव माणसं चुकली असतील तर? खदानीत पाणी होतं. पोरी होत्या. मी झेंडा तसाच सोडून माळावरून जवळजवळ पळत मांडवाकडे आले.

सगळे मांडवात होते.

पोहे खात होते. काही मोबाईल बघत आडवे झाले होते. बरेचसे निघालेच नव्हते, काही पहिल्या झेंड्यापर्यंत जाऊन परतले होते. टेबलासमोर रांग लागली होती आणि दीर प्रमाणपत्रांचा गठ्ठा घेऊन बसले होते. रांगेत एक पोरगा दुसऱ्याला म्हणत होता, "नाव नीट बघून घे बे. मागच्या टायमाला बापाचं नाव चुकलं तर साहेबानं वापस केलं."

मी गठ्ठ्यातलं एक उचललं. 'जिल्हास्तरीय स्पर्धा' असं मोठ्या अक्षरात छापलेलं होतं. खाली माझं नाव, मुख्य आयोजक, आणि सहीची जागा मोकळी. मी पास केलेल्या मजकुरात 'जिल्हास्तरीय' नव्हतं. आमची स्पर्धा कोणत्याच स्तराची नव्हती. कुठल्या संघटनेची मान्यता नाही, काही नाही, हौसेची.

तेवढ्यात बोरीची ती दहाही भोकं पाडलेलं कार्ड घेऊन आली. घामानं निथळत होती. बायकांत पहिली, आणि एकूणात तिसरी. कार्ड माझ्या हातात देऊन तिनं विचारलं, "ताई, भरतीला हे खेळाडूच्या जागंसाठी चालंल ना? त्यात लिहिलं होतं चालतंय म्हणून."

"कशात?"

तिनं मोबाईल पुढे केला. मेसेज होता. जिल्हास्तरीय प्रमाणपत्र, भरतीत खेळाडू कोट्यासाठी ग्राह्य, मर्यादित जागा, त्वरा करा. खाली माझं नाव आणि कॉलेजच्या कार्यालयात नोकरीला आहे हेसुद्धा. विश्वास बसावा म्हणून.

मी दिरांना मांडवाच्या मागे बोलावलं. यजमानही आले.

"भाऊजी, हे काय आहे?"

"वहिनी, आता तमाशा नका करू. माणसं पायजे होती ना तुमाला? आणली."

"खोटं सांगून?"

"लय मनावर घ्यायलात तुमी. सगळीकडं असंच चाललंय. कागद बघतंय कोण तिथं? आन् चाललं तर चाललं, न्हाई चाललं तर न्हाई. दोनशे रुपयांत डोंगर बघितला, पोहे खाल्ले."

"तुम्हाला काय मिळालं यातून?"

त्यांनी मोबाईल खिशात घातला. मग म्हणाले, "एकशे एकतीस नंबर मिळाले. फेब्रुवारीत नवी बॅच सुरू करायलोय. वीस पोरं जरी आली तरी भाडं निघतं. घरचाच धंदा हाय ना, वहिनी? परक्याचा हाय का?"

मी यजमानांकडे पाहिलं. वाटलं, आता ते धाकट्या भावाला बोलतील. ते चपलेनं माती उकरत होते.

"तुम्हाला माहीत होतं?"

"मेसेज पाहिला होता," ते म्हणाले. "पंधरा दिवस झाले."

"आणि बोलला नाहीत?"

"तू इतकी खूश होतीस. रोज आकडा सांगायचीस, आज साठ झाले, आज ऐंशी झाले. म्हटलं, एकदा होऊन जाऊ दे."

दिरांचा राग आला होता. यजमानांचा राग आला नाही. पंधरा दिवस रोज रात्री जेवताना मी ह्या माणसाला समजावून सांगितलं होतं की आकडा का वाढतोय: तारीख, गाडीची वेळ, पाणी घेऊन उभ्या केलेल्या बायका. ते ऐकत होते, भाजी वाढून घेत होते, आणि त्यांना खरं कारण माहीत होतं.

मी मांडवात आले आणि टेबलावर उभी राहिले. माईक नव्हता. सांगितलं, ही स्पर्धा जिल्हास्तरीय नाही, हा कागद भरतीत कुठेच चालणार नाही, तुम्हाला चुकीचं सांगितलं गेलं. मी सही करणार नाही. प्रत्येकानं आपले दोनशे रुपये परत घेऊन जावेत.

एकच गलका झाला. "आमचा रविवार गेला त्याचं काय?" "आधी सांगायला काय झालं होतं?" मागून कोणी तरी ओरडलं, "लय मोठी प्रामाणिक! मग मेसेजात नाव कुणाचं हाय?" नाव माझंच होतं. दीर मोटारसायकल काढून निघून गेले.

डब्यातून सकाळी मांडव, पोहे आणि छपाईचे अकरा हजार चारशे देऊन झाले होते. उरलेल्यात चौऱ्याहत्तर जणांचे पैसे भागले. सत्तावन्न राहिले. यजमान गावात गेले आणि मशीनमधून पैसे काढून आणले. मी घेतले. दुसरा इलाज नव्हता, माणसांना गाड्या गाठायच्या होत्या.

बोरीची ती शेवटपर्यंत बाजूला बसून होती. मी तिला दोनशे दिले आणि म्हटलं, "तू पहिली आलीस बायकांत. साध्या कागदावर तसं लिहून देते, माझ्या सहीनं."

"ते घेऊन काय करू, ताई? सासूला काय दाखवू?" ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "बाकीच्यांनी बसून पोहे खाल्ले, त्यांलाबी दोनशे. मी पळाले, मलाबी दोनशे. आन् माझं गाडीभाडं?"

तिचं बरोबर होतं. जाऊन-येऊन अर्ध्या तिकिटाचे एकशे तीस होत होते, ते यजमानांकडून घेऊन दिले. तिनं ते पदराला बांधले आणि नकाशा उचलला. "हा नेते. पोरगं मागल्या बाजूनं चित्रं काढील." पाच-सहा पावलं जाऊन ती थांबली. "सातवा झेंडा नाल्याच्या अलीकडं दाखवलाय तुमी. पलीकडं हाय तो. माझा लय टाईम गेला त्यात."

दुसऱ्या दिवशी मी जाऊन पाहिलं. झेंडा पलीकडेच होता. तो दिरांनी लावला होता.

त्या दिवशीचा खरा आकडा मी नंतर काढला. कोट्यासाठी आले असोत वा नसोत, शर्यत खरी पळाले असे, म्हणजे सगळे झेंडे स्वतः शोधणारे, एकोणीस. आदल्या वर्षापेक्षा दोन कमी. पण त्या एकोणिसांत पहिल्या पाचजणांत चार मिनिटांचंही अंतर नव्हतं. अशी चुरस आम्हाला दोन वर्षांत कधी मिळाली नव्हती, आणि तिच्याकडे कोणी बघितलंही नाही. मीही नाही.

दिरांची बॅच सुरू झाली. किती पोरं आली ते मी विचारलं नाही. सणाला ते येतात, मी वाढते.

लग्नाला चोवीस वर्षं झाली. आमच्यात उसने-परत असं कधी नव्हतं. पगार दोघांचे, खर्च एक. फेब्रुवारीची एक तारीख झाली, माझा पगार झाला, तेव्हा मी बँकेतून रोख काढली. सत्तावन्न जणांचे अकरा हजार चारशे आणि गाडीभाड्याचे एकशे तीस, मिळून अकरा हजार पाचशे तीस रुपये, संध्याकाळी चहाच्या वेळी यजमानांसमोर ठेवले.

"हे काय?" ते म्हणाले.

"त्या दिवशीचे."

त्यांनी कप खाली ठेवला. मी म्हटलं, मोजून घ्या. त्यांनी मोजून घेतले.