रेसला चालेल, पण दारात येईल का?

मस्कतला पाण्याचा टँकर चालवणाऱ्या माणसानं सुट्टीत गावी काय न्यायचं, हे ठरलेलं आहे. टू-इन-वन टेप, साबणाच्या वड्या, अत्तर, भाचरांना चॉकलेटं. मीही नेलं. पण विमानात बसताना माझ्या डोक्यात एकच होतं. या सुट्टीत स्पोर्ट्स गाडी घ्यायची. जुनी, कारण नवी आपल्याकडे मिळत नाही, आणि मिळाली तरी टँकरवाल्याला कोण देतो. ती रोज रस्त्यावर चालली पाहिजे आणि रविवारी रेसलाही पळाली पाहिजे. शाळा सातवीतच सुटल्यामुळे दोन गोष्टी एकदम मिळत नसतात, हा धडा माझा राहूनच गेला.

याला कारण इथला एक गोरा साहेब. त्याची दोन सीटांची गाडी वर्कशॉपात धुवायला येते. एकदा ती त्याच्या घरी पोचवायचं काम माझ्यावर आलं. पाच-सात मिनिटांचा रस्ता असेल. तेवढ्यात माझं वाटोळं झालं.

आता नवी मुंबईत रेस कुठं, असं विचाराल. आमचं गाव नेरूळच्या बाजूला, खाडीला लागून. नवं शहर वसवायचं म्हणून सरकारनं आमची भातशेती घेतली आणि आधी रस्ते करून टाकले. असे रुंद, की विमान उतरावं. बिल्डिंगी यायच्यात, माणसं यायचीत, रेल्वेही येणार येणार म्हणतात. तोवर रस्ता मोकळा. मग रविवारी सकाळी मुंबईची पैसेवाली पोरं खाडीपूल ओलांडून गाड्या घेऊन येतात आणि रेस लावतात. सगळं गाव नाल्यावरच्या मोरीच्या कठड्यावर बसून बघतं. एक आबा सोडून.

आबा म्हणजे माझे वडील. तो रस्ता बरोबर आमच्या शेतावरून जातो, आणि झाल्यापासून आबांनी त्याला पाय लावलेला नाही. तुर्भ्याला कांद्या-बटाट्याचं नवं मार्केट आलं, तिथं ते वॉचमन आहेत. डांबरी रस्त्यानं गेले तर पटकन पोचतील. पण ते खाडीच्या बांधावरून, चिखल तुडवत, लांबचा वळसा घेऊन जातात. कुणी विचारलं तर एकच उत्तर. "त्या रस्त्याव मी पाय नाय ठेवनार."

मी तोड काढली होती. गाडीत बसलेल्या माणसाचा पाय गाडीत असतो, रस्त्यावर नसतो. गाडी थेट दारात आणायची, आबांना बसवायचं, आणि त्याच रस्त्यावर मुंबईच्या पोरांच्या पुढून न्यायचं. बाकी गाडीचं कौतुक नंतर.

सहार विमानतळावर उतरल्यावर पहिला अनुभव टॅक्सीवाल्याचा. खाडीपलीकडे जायचं म्हटल्यावर तो म्हणाला, "उधर रहता कौन है?" सामान असेल तर सरळ सायनपर्यंत टॅक्सी करा आणि पुढं बस पकडा. भांडण वाचतं.

दुसऱ्या दिवशी बाळाराम भावोजींना बरोबर घेतलं. माझ्या बहिणीचे मिस्टर, तुर्भ्याच्या खाणीवर डंपर चालवतात. डंपरवाल्याला सगळ्या छोट्या गाड्या खेळण्यातल्या वाटतात, त्यामुळे ते कुठल्याच गाडीच्या प्रेमात पडणार नाहीत, हा माझा हिशेब.

पहिली गाडी वाशीत. नवी सोसायटी, जिन्यात अजून चुन्याचा वास. पेपरात जाहिरात होती, 'स्पोर्ट्स मॉडेल, पारशाची, एकहाती'. मुंबईत जुन्या गाडीची जाहिरात वाचलीत तर प्रत्येक गाडी पारशाची असते. पारशी लोक एकेकानं पंचवीस-तीस गाड्या वापरल्याशिवाय हे जमायचं नाही. खाली जाऊन बघतो तर साधी चार दरवाजांची गाडी. बोनेटवर दोन लाल पट्टे, मागं जाड टायर, आणि दाबला की बाळंतीण दचकेल असा हॉर्न. मालक ऑफिसात हेडक्लार्क.

"यात स्पोर्ट्स काय आहे?" मी विचारलं.

"पट्टे ओरिजिनल आहेत," हेडक्लार्क म्हणाले.

वर चहा झाला. चहा चांगला होता. वहिनी बशी पुढं करत सहज म्हणाल्या, "गाडी तशी हलकी आहे हो. मी एकटी ढकलते."

"अगं, तू आत जा बरं," हेडक्लार्क म्हणाले.

"जाते. पण हँडब्रेक यांना सोडायला सांगा, दर वेळी विसरतात."

जिना उतरताना भावोजी म्हणाले, "त्या बाईलाच मस्कतला ने. टँकरपन ढकलील."

तिसऱ्या दिवशी पनवेल. एसटी स्टँडवर उतरून मिसळ खा, मग हायवेकडे चाला. त्या बाजूला ओळीनं गॅरेजं आहेत. एका मिस्त्रीकडे रेससाठी खास बांधलेली गाडी आहे, असं ऐकलं होतं. बांधलेली म्हणजे खरोखरच बांधलेली. इंजिन एकीचं, चेसी दुसरीची, सीटा जीपच्या आणि एक दरवाजा सुतळीनं. सायलेन्सर नव्हताच. मिस्त्री म्हणाला, त्यानं पिकअप वाढतो.

इथं एक कामाचं सांगतो. जुनी गाडी बघायला जाताना खिशात लोहचुंबक ठेवा. खाडीच्या हवेत पत्रा गंजतो, आणि लोक भोकांत पुट्टी भरून वर रंग मारतात. चुंबक चिकटला नाही तिथं पत्रा नाही. या गाडीवर माझा चुंबक फिरून फिरून दमला आणि शेवटी मिस्त्रीच्या पान्याला जाऊन चिकटला.

तरी चालवून बघितली, खांदेश्वरच्या देवळाकडच्या रस्त्यावर. पळायला पळाली. ब्रेक दाबला तर सरळ डावीकडे, तळ्याच्या दिशेनं. कशीबशी धरली. भावोजींनी देवाला बसल्या जागेवरून हात जोडले.

"मिस्त्री, ब्रेक डावीकडे ओढतो."

"ट्रॅकवर वळायचं असतंच की शेठ."

"आणि उजवीकडे वळायचं असलं तर?"

"तेव्हा ब्रेक नाय मारायचा."

चौथ्या दिवशी उरण. रस्त्यानं एसटी आहे, पण मुंबईकडून येणार असाल तर भाऊच्या धक्क्यावरून मोरा बंदराची लाँच घ्या, वारा लागतो आणि धूळ खावी लागत नाही. आम्ही एसटीनं गेलो आणि धूळ खाल्ली. वर खानावळीत बोंबील आणि तांदळाची भाकरी. याच्यासाठी मी गाडी न बघताही पुन्हा जाईन.

गाडी एका निवृत्त बोटवाल्या साहेबांच्या वाडीत होती. वर मासे पकडायचं जुनं जाळं टाकलेलं, ते ओढलं तर आतून कोंबडी निघाली. कोंबडीच्या खाली विलायती गाडी. दोन सीटा, कापडी टप, हिरवा रंग, बुटकी इतकी की भावोजींच्या ढोपराला लागली. चुंबक लावला, चिकटला. पुन्हा लावला, पुन्हा चिकटला. इंजिनातून निळा धूर नाही, क्लच गुळगुळीत, ब्रेक दोन्हीकडे सारखा. अर्ध्या तासात माझी बोलती बंद झाली.

"मग विकताय कशाला?" मी विचारलं. एवढी चांगली गाडी कोणी विकतो म्हणजे काहीतरी गोची असणार.

"गुडघे," साहेब म्हणाले. "आत बसता येतं. बाहेर येता येत नाही. गेल्या महिन्यात बायकोनं आणि शेजाऱ्यानं मिळून मला काढलं. त्या दिवशी ठरवलं."

असा खरं बोलणारा विकणारा भेटला की भाव करायला तोंड उघडत नाही. साधी जुनी गाडी जेवढ्याला मिळाली असती त्याच्या दीडपट पैसे गेले. भावोजी परत येताना सारखं एकच म्हणत होते, "एवढ्यात अर्धा डंपर आला असता." मी म्हटलं, अर्ध्या डंपरचं काय करायचं. ते म्हणाले, या गाडीचं तरी काय करायचं.

उरणहून बेलापूरपर्यंतचा रस्ता मिठागरांमधून आहे. बंदराचं काम निघाल्यामुळे ट्रकांनी खड्डे पाडलेत, आणि प्रत्येक खड्ड्यात गाडीचं पोट घासायचं. ट्रकवाले वरून वाकून बघायचे, खाली काय चाललंय म्हणून. पुढं नवा रस्ता लागला आणि गाडी अशी निघाली की भावोजींनी डंपरचं नाव काढलं नाही.

आणि मग आमच्या गावाचा फाटा आला.

इथं माझी अक्कल निघाली. चुंबक घेऊन पत्रा तपासला, धूर तपासला, ब्रेक तपासला. आमच्या घरापर्यंत रस्ता नाही, हे तपासायचं राहिलं. गावाच्या चारी बाजूंनी विमान उतरेल असे रस्ते आहेत. पण त्या रस्त्यावरून गावात शिरायला अजून जुनीच बैलगाडीची वाट, मधे उंच मोरी आणि दोन्हीकडे चिखल. जन्म या गावात गेला, पण मस्कतच्या रस्त्यांवर राहून ते डोक्यातून गेलं. गाडी मोरीवर चढली आणि पोटावर बसली. पुढची चाकं हवेत, मागची चिखलात. रेसला रस्ता तयार होता. घरी जायलाच नव्हता.

गाव जमायला वेळ लागला नाही. कठड्यावरची कायमची गिऱ्हाइकं होतीच.

"काश्या, हिला अंडी घालायची असतील," एकजण म्हणाला.

"मस्कतला एवढीच मिळाली क?"

खाडीवरचे आमचे चुलते पुढं आले, टपाला हात लावून म्हणाले, "होडीपरीस हलकी हाय. उचला." होडी किनाऱ्याला ओढताना घालतात ती आरोळी घातली आणि दहा-बारा जणांनी माझी रेसची गाडी खांद्याला लावली. स्टिअरिंगवर मी. उतर म्हणाले तरी उतरलो नाही, कारण चिखलात नवे बूट घालायचे नव्हते. गाडी मिरवत दारात आली.

आबा ओट्यावर होते. त्यांनी गाडीला एक चक्कर मारली.

"यात तुजी आय कुटं बसनार?"

"आबा, दोनच सीटा असतात."

"मंग चार चाकं कशाला?"

याचं उत्तर त्या गोऱ्या साहेबाकडेही नसणार. मी म्हटलं, उद्या रविवार आहे, तुम्हाला त्या रस्त्यावरून नेतो, पाय लावायचा नाही, नुसतं बसायचं. आई म्हणाली, "बसा की. पोरगा परत जाईल." तेव्हा आबा एवढंच म्हणाले, "मी मधी उतरनार नाय."

ते खरोखरच उतरले नाहीत. रविवारी सकाळी अंगणातच गाडीत बसले, आणि परत मोरी ओलांडायची वेळ आली तेव्हा गाडी उचलणारे म्हणाले, आबा, तुमी तेवडे चालत या. आबा समोर बघत बसून राहिले. शेवटी त्यांना घेऊनच गाडी उचलली. मला मात्र खाली उतरवलं.

डांबरावर चाकं टेकली. मी सीटवर बसलो, पहिला गियर टाकला, अॅक्सलेटर दाबणार तेवढ्यात आबांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"हलू. यो आपला मोटा बांद."

थोडं पुढं गेलो. "हितं पानी साचायचं. हितं तुजे आजानं विहीर खनली, खारी लागली." मी इंचाइंचानं गाडी नेत होतो. रेससाठी घेतलेली गाडी बैलाच्या चालीनं. रस्त्याच्या बरोबर मधून, कारण बांध मधूनच गेला होता. टेंपरेचरचा काटा वर चढायला लागला, बोनेटमधून वाफ यायला लागली, आणि मागून हॉर्न.

मुंबईची पोरं. तीन गाड्या. एक शेजारी आली, त्यातल्या गॉगलवाल्यानं काच खाली केली.

"ए, रोड तेरे बाप का है क्या?"

हा प्रश्न मुंबईत मला शंभरदा विचारला असेल. पहिल्यांदाच त्याचं उत्तर 'हो' होतं, आणि बाप शेजारी बसलेला होता.

"कं म्हनतो त्यो?" आबांनी विचारलं.

"रस्ता माझ्या बापाचा आहे का, विचारतोय."

आबांनी दरवाजा उघडला. त्या बुटक्या गाडीतून बाहेर यायला त्यांना वेळ लागला. गॉगलवाला वाट बघत होता. एक पाय डांबरावर आला. मग दुसरा. अनवाणी.

"मी बाप," आबा म्हणाले. "बोल."

पोरगा माझ्याकडे बघायला लागला. आबांनी हात केला. "त्या खांब्यापासना त्या मोरीपरयंत. आक्का माजा."

मी हिंदीत सांगितलं. पोरगा वाईट नव्हता. त्यानं गॉगल काढला, नीट ऐकलं, मान हलवली. "ओके अंकल. तो अभी साइड में ले लो ना, प्लीज."

मी गाडी बाजूला घेतली. आबा बाजूला झाले नाहीत. पोरांनी जरा वेळ हॉर्न वाजवले, मग वळून दुसऱ्या टोकाला गेली. त्या दिवशी तेवढ्या पट्ट्यात रेस झाली नाही. आबा रस्त्याच्या मधेच उभे होते. एकदा पाय उचलून तळवा बघितला.

"तापतो रं," म्हणाले, आणि डांबरावरूनच घरी चालत गेले.

मी रेस लावलीच नाही. इंजिन थंड व्हायला दुपार झाली.

आता मस्कतला परत आलोय. गाडी मोरीच्या अलीकडे, रस्त्याच्या बाजूला, ताडपत्रीखाली असते, भावोजी रविवारी चालू करून बघतात. सुट्टीत जाऊन अशीच गाडी घ्यायचं ज्यांच्या मनात आहे त्यांनी चुंबक न्या, बोंबील खा, आणि गाडीच्या पोटाखाली वीत घालून बघा. रस्ता आणि रेस दोन्हीला चालेल अशी गाडी मिळते. दोन्हीला चालेल असं गाव मिळत नाही.

परवा आमच्याकडचा एकजण सुट्टी संपवून आला. त्याला मी गाडीचं विचारलं, तर तो आबांचंच सांगत बसला. आबांनी खाडीचा वळसा सोडलाय. आता रोज तुर्भ्याला डांबरी रस्त्यानं जातात. ट्रक, बस, मुंबईची पोरं, सगळे मागून हॉर्न देतात.

"कडेनं चालायला सांगत नाही का कोण?" मी विचारलं.

"सांगतात ना," तो म्हणाला. "पन आबा मधूनच चालतात."