व्याह्याच्या ताटातला लाकडी अनारसा

“व्याह्यानं दातानं तोडाले पायजे, तवा खरी मजा,” आनंदराव पाटील म्हणाले.

ते मोर्शीकडच्या एका गावचे. आमच्या अमरावतीच्या दुकानात ओट्यावर बसले होते. घरून आणलेला खरा अनारसा त्यांनी माझ्या नवऱ्याच्या हातावर ठेवला.

“असाच पायजे. लाकडाचा. पाहून कळलं नाही पायजे आन् हातात घेऊनही कळलं नाही पायजे.”

“पाहून नाही कळनार, याची हमी घेतो,” हे म्हणाले. “हाताचं मात्र...” आणि त्यांनी आतल्या दाराकडे पाहिलं. दाराआड मी होते. मी मान हलवली. होईल.

आमच्यात हे कोरतात, मी बारीक काम आणि रंग करते. गिऱ्हाइकाशी बोलणं मला जमत नाही. ते यांच्याकडे.

पाटलांच्या मुलीचं लग्न अकोल्याच्या घरात ठरलं होतं. रुखवतात मांडायला लाकडी वांगी, सीताफळं, कणसं असं बरंच काम आमच्याकडे होतं. अनारसा मात्र रुखवतासाठी नव्हता. आमच्याकडे लग्नाच्या पंगतीत मुलाच्या बापाच्या ताटात एक पदार्थ खोटा वाढतात. त्यानं चावला की मांडवभर हसू. त्यानं आधीच ओळखला, तर मुलीच्या बापानं कमरेला उपरणं बांधून साऱ्या पंगतीला स्वतः वाढायचं. बहुतेक लोक मातीची नाहीतर कणकेची काहीतरी वस्तू ठेवतात आणि बहुतेक व्याही ती ओळखतात. पण ती कापसाच्या तेजीची वर्षं होती. दूर कुठल्या मुलखात लढाई चालली होती आणि तिच्यामुळे आमच्या वऱ्हाडात साध्या गोष्टी साध्या राहिल्या नव्हत्या. पाटलांना गंमतसुद्धा अशी हवी होती की चार तालुक्यांत बोलली जावी.

अशा कामाला पांगऱ्याचं लाकूड घेतात. हलकं असतं, मऊ असतं, नखसुद्धा उमटतं. यांनी चकती कोरून दिली. पुढचं काम माझं. आधी सरस आणि खडूची पुटं. सरस म्हणजे चामडं उकळून केलेला डिंक. मग हळद आणि गेरू मिसळून तळल्यासारखा रंग, कडेला थोडा गडद. अनारशाच्या एका अंगाला खसखस असते, दुसऱ्या अंगाला जाळी. खसखस मी खरीच चिकटवली. जाळीसाठी दाभण तापवून एकेक भोक पाडलं. त्यात तीन दिवस गेले. शेवटी तुपाचा हात फिरवला. यांना डोळे मिटायला लावून मी त्यांच्या एका तळहातावर खरा, दुसऱ्यावर लाकडी ठेवला. त्यांनी लाकडीच तोंडाकडे नेला.

इतकं चांगलं काम मी आधी केलं नव्हतं.

बैलगाडीच्या हादऱ्यांनी रंगाचे टवके उडतात, म्हणून रंगवणारीनं वारनिसची कुपी आणि कुंचला घेऊन सोबत जायचं असतं. आम्ही दोघं पाटलांच्या गावी लग्नाला गेलो. माजघरात रुखवत मांडलं. अनारसा पाटलांनी स्वतःच्या हातानं पितळेच्या डब्यात घातला आणि डबा कोठीच्या खोलीत ठेवला. “हा मीच वाढीन,” म्हणाले. “दुसऱ्या कोनाचं काम नाही.”

वरपक्षाची पुरुषमंडळी रुखवत पाहायला आली, तेव्हा मी कणगीच्या आड एका सीताफळाचा टवका बुजवत होते. मुलाचे वडील दाजीबा सर्वांत पुढे होते. त्यांचं नाव मी ऐकून होते. अकोल्याच्या कापूस बाजारात ते पारखी होते. पारखी म्हणजे गाडीतला चिमूटभर कापूस ओढून धागा किती लांब, ओल किती, कचरा किती ते सांगणारा माणूस. तो सांगेल तसा माल उचलला जातो. त्या दिवसांत एका विलायती कंपनीचा एजंट त्यांच्याच सांगण्यावर कापूस घेत असे.

“वा! लय झकास,” दाजीबा म्हणाले. “वांगे तं असे, का आताच तोडून आनले.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. पण दाजीबांचं तोंड वांग्यांकडे नव्हतं. ते मधल्या खांबाशी बोलत होते.

मंडळी बाहेर गेली. दाजीबा आणि त्यांचे धाकटे भाऊ शामराव मागे राहिले. मी तिथं आहे हे दोघांनाही माहीत नव्हतं.

“दादा, तो खांब होता.”

“मंग सांगाचं ना आधी!”

“कोनाच्या ध्यानात नाही आलं.”

“बाहेर उन्हात जरा तरी दिसते. इथं आत निस्ता अंधार.” दाजीबांनी आवाज उतरवला. “एजंट आला काय?”

“आला. पंगतीत तुह्या समोरच बसवून राहिले त्याले.”

“बसू दे. माहे बोटं शाबूत हायेत. कापूस डोयानं कोन पाह्यते? पन हे त्याले कोन समजावीन? पारखी आंधळा झाला म्हटलं, का दुसऱ्या दिवशी माह्या जागी दुसरा मानूस.”

“असं नोको बोलू, दादा. चल. दोन पायऱ्या हायेत. आता एक.”

ते गेले. माझ्या हातातला कुंचला कोरडा होऊन ताठ झाला होता.

डोळस माणूस तो अनारसा हातात घेऊन क्षणभर तरी पाहील. पाटलांचं हसू दाबलेलं तोंड पाहील, शेजारच्यांच्या नजरा पाहील, आणि सावध होईल. दाजीबांना यातलं काहीच दिसणार नव्हतं. त्यांच्याजवळ फक्त बोटं होती आणि ती फसावीत म्हणून मी तीन दिवस भोकं पाडली होती. समोर एजंट असणार. दात लाकडावर आपटला की हसण्यापाठोपाठ कोणीतरी विचारणारच, अहो, दिसलं कसं नाही?

पाटलांच्या बायकोला सांगावं म्हणून मी चुलीकडे गेले. ती दहा बायकांच्या मध्ये पुरणाचं पाहत होती. तिच्या कानात सांगितलं असतं, तर तळण उतरायच्या आत ते मांडवात पोचलं असतं. यांना सांगावं तर हे बाहेर पुरुषांत बसलेले. अनारसा लपवला असता तर पाटलांनी घर डोक्यावर घेतलं असतं. लाकडी अनारसा ताटात पडायलाच हवा होता, आणि तोसुद्धा वरून तसाच दिसणारा; खोटा लागायचा तो फक्त बोटांना.

कोठीत कोणी नव्हतं. मी डबा उघडला, अनारसा पदरात घेतला आणि मागच्या अंगणात गेले. तिथं चटणी वाटायचा पाटा होता. जाळीची बाजू मी पाट्यावर घासायला लागले. पांगरा मऊ, लवकर झिजतो. थोड्याच वेळात सगळी भोकं गेली आणि खालचं अंग पोळपाटासारखं गुळगुळीत झालं. पांढरं लाकूड दिसू नये म्हणून तुपात गेरू कालवून चोळला. वरची खसखस जशीच्या तशी होती. अनारसा डब्यात परत ठेवला तेव्हा माझ्या बोटांची सालं निघाली होती.

एवढंच माझ्या हातात होतं. दाजीबांची बोटं त्यांनी सांगितली तशी खरोखर आहेत की नाही, ते मला माहीत नव्हतं.

पंगत बसली. मी माजघराच्या दाराआड उभी होते. पाटील डबा घेऊन आले. “व्याहीबुवा, हा खास तुमच्यासाठी. आमच्या घरच्या मंडळीनं केला.”

मुलीकडच्या लोकांनी घास थांबवले. एजंट मान पुढे काढून पाहत होता.

दाजीबांनी ताट चाचपलं आणि अनारसा उचलला. तोंडाकडे नेला. पार ओठांपर्यंत. मी डोळे मिटले.

हसू ऐकू आलं नाही. उघडून पाहिलं, तर दाजीबांचा हात थांबला होता. खालच्या अंगावरून त्यांची दोन बोटं हळूच फिरली. मग परत एकदा फिरली, कापूस ओढून पाहतात तशी.

“पाटील,” ते म्हणाले, “हा पांगरा ना?”

पाटलांनी रिकाम्या डब्याचं झाकण लावलं.

“आमच्या इकडे पांगरा कुंपनाले लावतात. तुमी पाव्हन्याच्या ताटात लावता काय?”

मांडव हसला. एजंट सगळ्यांत जास्त हसला आणि शेजाऱ्याला म्हणाला, “देखा? हाथ में लिया और पकड़ लिया!” पाटलांना कमरेला उपरणं बांधावं लागलं. पहिलं पुरण त्यांनी व्याह्यालाच वाढलं आणि दाजीबांनी ते मागून मागून घेतलं.

पाहुणे उठल्यावर पाटील अनारसा हातात घेऊन आमच्याकडे आले. “याच्याखाली जाळी काहून नाही? तुमच्या कामाचा एवढा गाजावाजा, आन् हे असं? चार गावाचे लोक होते तिथं!”

हे अनारसा उलटसुलट करत राहिले. जाळी यांनी स्वतः पाहिली होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या बोटांकडे पाहिलं.

“घाईत राहून गेली,” मी म्हणाले. परक्या पुरुषासमोर बोललेलं माझं ते पहिलंच वाक्य असेल आणि ते खोटं होतं.

“चूक झाली, पाटील,” हे म्हणाले. एवढंच. घरी आल्यावर मी सगळं सांगितलं. हे बराच वेळ हसले, मग म्हणाले, “तीन दिवसाची जाळी!”

त्या दिवशी वऱ्हाड निघण्याआधी दाजीबा भावाबरोबर पुन्हा माजघरात आले होते. पाहण्यासाठी नाही. त्यांनी एक वांगं मागून घेतलं आणि देठावरून अंगठा फिरवला. तिथं मी बारीक काटे ठेवले होते.

“शामराव,” ते म्हणाले, “ज्यानं वांग्याचे काटे नाही सोडले, तो अनारशाची जाळी विसरते काय?”

शामरावांना ते कळलं नाही. मी कणगीजवळच होते. दाजीबा थोडा वेळ तसेच थांबले, कोणी बोलेल म्हणून. मग त्यांनी वांगं जागेवर ठेवलं, चाचपून, देठ वर करून.

पाटलांनी आमच्या कच्च्या कामाची गोष्ट सगळीकडे सांगितली. त्या हंगामात मोर्शीकडून लग्नाचं एकही काम आलं नाही. आम्ही पोळ्याचे लाकडी बैल केले. दाजीबा आणखी दोन वर्षं बाजारात बसले, मग मुलाला बसवून स्वतः उठले. आपण होऊन उठले, असं ऐकलं.

वस्तू खऱ्यासारखी करणं शिकता येतं. अंदाज चुकतो तो माणसाचा. म्हणून आता कोणी काम सांगायला आलं की मी दाराआडून यांना खूण करते आणि हे पहिल्यांदा विचारतात, वस्तू कोणाच्या हातात जाणार आहे.