आमच्या चर्चचा गल्याथ

एक सिनेमा काढला की किस्से दहा सिनेमांचे जमतात. आमचा तर चाळीस मिनिटांचा, बायबलमधल्या मेंढपाळ दावीद आणि धिप्पाड गल्याथाच्या लढाईचा. तोही फक्त रविवारी दुपारी, भक्ती आटोपल्यावर शूट केलेला!

सुरुवात माझ्या दिरामुळे झाली. प्रकाश कागलच्या एमआयडीसीत क्वालिटी इन्स्पेक्टर. बायबलवरचे हल्लीचे सिनेमेही तो कारखान्यातला माल तपासावा तसे बघतो. "वहिनी, हा मेंढपाळ बघा. पार्लरमधनं थेट रानात आलाय. रिजेक्ट!" चर्चच्या ग्रुपवर आलेले पाच सिनेमे त्याने असे रिजेक्ट केले आणि म्हणाला, "ह्याच्यापेक्षा भारी आपण काढू की!" मला ते पटलं. खरं सांगते, अजूनही पटतं.

चर्चच्या पाळकसाहेबांनी एकच अट घातली. "शास्त्रात आहे तेवढंच दाखवायचं. एक गोष्ट जरी पदरची घातली, तर नाताळात पडद्यावर लागणार नाही."

*

कपडेपट माझ्याकडे. प्रकाशला मळके, विटके अंगरखे हवे होते, म्हणून मी ते दोन दिवस परसात चिखलात पुरून ठेवले. रविवारी निघताना बघते तर सगळे दोरीवर, पांढरेशुभ्र आणि कडक स्टार्च केलेले! सासूबाई म्हणाल्या, "अख्खं चर्च बघणार. लोकं म्हणतील, ह्यांच्या घरात साबण न्हाय!"

*

मेंढरं एका धनगरमामांची आणली. दावीद झालेला आमचा तबलजी हाका मारून दमला, मेंढरं ढिम्म. मग मामांनी लांबून एक शीळ घातली, आणि सगळी फ्रेमबाहेर!

"वळखीच्या हाकंबिगर न्हाय येत ती, पावणं," मामा म्हणाले.

पाळकसाहेबांनी तिथल्या तिथे वही काढली. त्यांना पुढच्या रविवारचा उपदेश मिळाला, आम्हाला शॉट काही मिळाला नाही.

*

लढाई गगनबावड्याला. धुकं असं दाट की गल्याथाकडचे सहा पलिष्टी आणि दावीदकडचे सहा इस्राएली सहाशे वाटावेत. प्रकाश जाम खूश. 'ॲक्शन' म्हटल्यावर दोन्ही सैन्यं ओरडत धावली आणि आरपार निघून गेली. कुणाला कुणी दिसलंच नाही! शेवटी फोन करून सैन्य परत गोळा केलं.

*

गल्याथ होते मंगळवार पेठेतले बंडा पैलवान. कुस्ती सोडून म्हशी सांभाळतात, पण देह अजून दारात मावत नाही. बायबल कधी वाचलेलं नाही, पण कामाला एकदम तयार.

शेवटचा रविवार, शेवटचा शॉट. नाताळ दहा दिवसांवर. दगड कपाळाला लागतो आणि गल्याथ उताणा कोसळतो, ही फ्रेम प्रकाशने पहिल्या दिवसापासून वहीत काढून ठेवलेली. गोफण फिरली, थर्माकोलचा दगड लागला, पैलवान गुडघ्यांवर आले आणि पालथे पडले.

"उताणं पडा, पैलवान!"

पाच टेक झाले. पाचही वेळा पालथे!

"पाठ मातीला लागली की हार. उद्या तालमीत तोंड कसं दावू?"

"अहो, गल्याथ हरतोच!"

"मग त्यो हरू दे की! म्हणशीला तर आत्ता मरतो, पन पाठ टेकनार न्हाय."

ऊन उतरायला लागलं. पैलवानांची धारा काढायची वेळ झाली. प्रकाशने वही आपटली. "रिजेक्ट! सगळा सिनेमाच रिजेक्ट!" वर्षभराचे रविवार घातले होते हो आम्ही त्यात!

पाळकसाहेब इतका वेळ खुर्चीत बसून बायबल चाळत होते. त्यांनी चष्मा वर केला.

"प्रकाश, शमुवेलाच्या पुस्तकात तो पालथाच पडलाय."

प्रकाशने पुस्तक हातात घेऊन स्वतः वाचलं. मग परत एकदा वाचलं.

बंडा पैलवान अंगावरची माती झटकत उठले.

"मंजे पैलवानच हुता की त्यो!"