निळ्या ठिपक्याचं ताट

आमच्या घरातला एक चमचासुद्धा माझ्या नकळत घराबाहेर जात नाही. घरात काय काय येतं, याकडे मात्र मी कधी लक्ष दिलं नव्हतं.

माझा स्वभाव याद्यांचा आहे. किराण्याची यादी, लग्नाला न्यायच्या सामानाची यादी, आणि कोणकोणत्या याद्या करायच्या राहिल्या आहेत त्याचीही यादी! त्यामुळे आमच्या ओवीनं, म्हणजे कॉलेजात शिकणाऱ्या आमच्या मुलीनं, "आई, आम्ही एका निधीसाठी अर्ज केलाय," असं सांगितलं, तेव्हा माझा हात आपोआप पेनाकडे गेला.

"पेन ठेव," ओवी म्हणाली.

प्रकरण असं होतं. आमच्या बजाजनगरात बारसं असो की वाढदिवस, दुसऱ्या दिवशी नाल्याच्या कडेला उष्ट्या कागदी-प्लास्टिकच्या प्लेटांचा ढीग. ओवी आणि तिची मैत्रीण समीना यांनी ठरवलं, की स्टीलची ताटं जमवायची आणि वस्तीतल्या कार्यक्रमांना फुकट वापरायला द्यायची. जमली थोडीच. म्हणून विद्यार्थ्यांच्या अशा कामांना छोटा निधी देणाऱ्या एका संस्थेकडे त्यांनी अर्ज केला. तो पहिल्या चाळणीतून पार झाला आणि संस्थेच्या देवगावकर बाई रविवारी काम बघायला येणार होत्या. शेजारच्या कडूबाई काकूंच्या नातवाचं बारसं त्याच दिवशी होतं. तिथंच ताटं वापरून दाखवायची.

"आणि आई, नियम आहे. सगळं विद्यार्थ्यांनीच करायचं. तू यात पडायचं नाही."

"मी कशाला पडू?" मी म्हणाले, आणि ती कॉलेजला जाताच पडले.

कारण मी तिची ताटं पाहिली. ती एका खोक्यात मावत होती! देवगावकर बाई येणार, खोकं बघणार, 'एवढंच?' म्हणणार आणि निघून जाणार. दोन वर्षं मुली या कामासाठी दारोदार फिरल्या होत्या. नकार आला असता तर ओवी बोलली काहीच नसती, नुसती गप्प बसली असती. (आमच्या घरात हे फार भयंकर समजलं जातं.)

मी पैठणला नणंदेला फोन लावला. "ताई, घरात जास्तीची ताटं आहेत का?"

"हायेत की! कशाला पाहिजेत?"

"ओवीचं काम आहे. एसटीनं पाठवता?"

"गोणीभर पाठवते," ताई म्हणाल्या. ताईंना कमी पाठवणं जमत नाही. मग मी आमचा माळा उपसला. सासूबाईंच्या वेळेपासूनची ताटं तिथं रचून ठेवलेली होती. धुतली, पुसली, रचली. काठावर कुणाकुणाची नावं कोरलेली होती, पण चष्मा स्वयंपाकघरात राहिला होता आणि वेळ नव्हता. स्टील ते स्टील!

रविवारी सकाळी समीनानं तो डोंगर पाहिला आणि दारातच थबकली.

"आंटी, इत्ती ताटां कायकू?"

"शोभेला," मी म्हणाले.

"आई!" ओवी म्हणाली. पण तेवढ्यात मांडवात पाहुणे जमायला लागले होते आणि कडूबाई काकू ओरडत होत्या, "ओ पोरींनो, ताटं आणा, वरण गार व्हायलंय!" त्यामुळे खोकं गेलं, त्यामागोमाग डोंगरही गेला.

देवगावकर बाई वेळेवर आल्या. निवृत्त मुख्याध्यापिका, शांत, आणि शांत माणसांची मला नेहमीच धास्ती वाटते. त्यांनी ओवीला विचारलं, "किती ताटं आहेत तुमच्याकडं?"

"फार नाहीत मॅडम. म्हणूनच तर..."

नेमक्या याच क्षणी आमचे हे रिक्षातून उतरले. खांद्यावर गोणी. मांडवाच्या मधोमध ती खाली ठेवली, तर असा काही खणखणाट झाला की पाळण्यातलं बाळ दचकून उठलं!

"ताईंनी पाठवलीत!" हे अभिमानानं म्हणाले. "म्हणाल्या, कमी पडली तर अजून हायेत!"

बाईंनी गोणीकडे पाहिलं. डोंगराकडे पाहिलं. मग ओवीकडे.

"तुमच्याकडं तर दुकान टाकण्याइतकी ताटं आहेत. मग निधी कशासाठी?"

ओवीचा चेहरा बघवेना. मी पुढे झाले. "बाई, ती उसनी आहेत हो! मीच आणलीत. मुलींना यातलं काही माहीत नाही!"

"अस्सं. म्हणजे काम तुमचं आहे की मुलींचं?"

मी पटकन वाढायचा डाव हातात घेतला.

"आधी जेवून घ्या," मी म्हणाले. आपल्याकडे कुठलंही संकट जेवणापर्यंत पुढे ढकलता येतं. दुर्दैवानं या खेपेला संकट जेवणाच्या ताटातच होतं.

पंगत बसली. बाई कडूबाई काकूंच्या शेजारी. वरणभात झाला, जिलेबी फिरली आणि काकूंचा हात मध्येच थांबला. पलीकडच्या बाईच्या ताटाचा काठ त्यांनी बोटानं पुसला.

"थांब गं जरा. हे काय लिव्हलंय? 'कडूबाई...' आगं हे माझं ताट हाय! माझ्या पोरीच्या लग्नातलं!" त्या माझ्याकडे वळल्या. "लई शोधलं मी याला वहिनी. जावेवर आळ घेतला. वर्षभर बोलले नाय तिच्याशी! अन् हे तुमच्या माळ्यावर व्हय?"

झालं! साऱ्या पंगतीनं एकदम मान खाली घातली. वाढपी भात घेऊन फिरत होते, पण भात कुणालाच नको होता. सगळ्यांना काठ वाचायचा होता. "अय्या, हे माझ्या आईचं!" "तुझ्यापुढचं ताट उचल, बघू दे!" "आधी मठ्ठा संपव की, नाव दिसंना!" ज्या ताटात स्वतःचं नाव सापडलं ते उष्टं तसंच पिशवीत जाऊ लागलं. एक आजी तर जेवणाऱ्या जावयाच्या पुढून ताट ओढत होत्या आणि जावई जिलेबी वाचवत होता!

"वहिनी, किती वर्षांपासून जमवताय ओ?" कुणीतरी विचारलं. हशा पिकला.

जमवत नव्हते हो! पण आपली रीत अशी, की शेजारून भरलेलं ताट आलं तर ते रिकामं परत करायचं नाही. काहीतरी गोड करू आणि मग देऊ. गोड राहतं, ताट मात्र मांडणीवर बसतं. मग माळ्यावर जातं. आधी सासूबाईंचं गोड करायचं राहिलं, मग माझं.

या सगळ्या गोंधळात देवगावकर बाई मात्र अगदी स्तब्ध बसल्या होत्या. मला वाटलं, आता उठून जाणार. त्यांनी चष्मा लावला, ताट डोळ्यांजवळ नेलं आणि वाचलं, "'सौ. वसुधा देवगावकर, वास्तुशांत.'"

मांडवात टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. (टाचणी पडली नाही. माझ्या हातातला डाव पडला.)

"औरंगपुऱ्यात राहत होतो, तेव्हाचं आहे हे," बाई सावकाश म्हणाल्या. "शेजारच्या कुसुमबाईंकडं मी अनारसे पाठवले होते यात."

"कुसुमबाई म्हणजे आमची आई," हे म्हणाले. (गप्प बसायला कधी शिकतील, देव जाणे!)

"त्या परत काहीतरी पाठवणार होत्या."

"हो. करंज्या. राहूनच गेल्या असतील," हे पुन्हा म्हणाले.

मला वाटलं, गेला निधी! संस्थेच्या बाईंना त्यांचंच ताट वाढून आम्ही त्यांच्याकडे ताटांसाठी मदत मागत होतो. तेवढ्यात ओवी उभी राहिली. माझ्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही.

"मॅडम, आम्ही अर्जात हीच अडचण लिहिली होती. लोक ताटं द्यायला तयार नसतात, कारण नावाचं ताट गेलं की परत येत नाही, मग भांडणं होतात. दिलेली ताटंही लोक मागून परत नेतात. म्हणून आम्हाला कुणाचंच नाव नसलेली ताटं हवी आहेत. नुसता निळा ठिपका. ठिपका दिसला की ताट वस्तीचं. कुणाच्या माळ्यावर जाणार नाही."

तिनं खोक्यातलं एक ताट उलटं करून दाखवलं. मागं निळा ठिपका. पंगत संपली तेव्हा मांडवात तेवढीच उरली होती. माझा जवळजवळ अख्खा डोंगर आणि ताईंची अर्धी गोणी लोकांनी नेली होती, उरलेली अर्धी यांनी पुन्हा बांधून ठेवली होती. (पैठणच्या ताटांवरही कुणाकुणाची नावं निघाली. बजाजनगरात पैठणचं माहेर असलेल्या बायका किती आहेत, हे मला तेव्हा कळलं.)

बाई पहिल्यांदा हसल्या. "अर्ज वाचून हे पटलं नव्हतं मला. तुझ्या आईनं प्रात्यक्षिक फार छान दाखवलं."

निधी मंजूर झाला. पत्राच्या शेवटी, कुणाचंही नाव न घेता, एक अट होती: पालकांनी कार्यक्रमाला पाहुणे म्हणून यावे, जेवावे आणि घरी जावे. ओवीनं ती मोठ्यानं वाचली. दोनदा.

बारशाच्या दिवशी बाई निघाल्या, तेव्हा त्यांचं ताट परत करण्याचं काम मात्र मी कुणाला करू दिलं नव्हतं. निदान एवढं तरी नीट व्हावं! ताट स्वतः घासलं, आठवणीनं त्यात जिलेब्या ठेवल्या, वर्तमानपत्रात गुंडाळलं, दोरी बांधली आणि वर नावाची चिठ्ठी चिकटवली. कुसुमबाईंच्या सुनेनं अखेर ताट भरून परत केलं!

परवा मांडणी आवरताना पाहिलं, तर समोरच 'सौ. वसुधा देवगावकर, वास्तुशांत.' मग बाई घेऊन गेल्या ते ताट कुणाचं? चष्मा लावून सगळी ताटं तपासली. माझ्या वडिलांनी माझ्या लग्नात नाव घालून दिलेलं ताट कुठंच नव्हतं.

"ओवी, तुझ्या बाईंना जरा विचारतेस का गं? माझं ताट परत..."

"आई," ओवी वहीतून मान वर न काढता म्हणाली, "त्या संस्थेकडं अर्ज फक्त विद्यार्थ्यांनाच करता येतो."