लेडीज रूमच्या दारातली मावशी

आमच्या कॉलेजच्या लेडीज रूमची मावशी कुणाशीच गोड बोलत नसे. दारात खुर्ची टाकून बसायची आणि आत येणाऱ्या प्रत्येकीच्या आधी पायांकडे बघायची. चप्पल ओली दिसली की "भायेर!" प्राध्यापिकासुद्धा मुकाट्याने पाय पुसून आत जायच्या. मावशी बेलपाड्याची. खारघरच्या इमारतींच्या मधोमध तिचं गाव अजून तग धरून आहे. शेती गेली, नवरा गेला, आणि ती कंत्राटावर पनवेलला आमच्या फरश्या पुसायला आली. खोली मात्र स्वतःची असल्यासारखी राखायची.

मी उरणजवळच्या कोळीवाड्यातली, शिकायला खांदा कॉलनीत आत्याकडे राहिलेली. पहिल्याच दिवशी मी डबा उघडला, तशी मावशी आली, न विचारता चिमूटभर सुकट उचलून तोंडात टाकली आणि म्हणाली, "खारट हाय. आयशीला सांग." एवढीच आमची ओळख.

खिडकीजवळचा सोफा 'मैत्रांगण'चा. हा निवडक मुलींचा गट होता. दरवर्षी मतं घेऊन एखाददुसरी नवी मुलगी आत घेत. कॉलेजचे कार्यक्रम, सहली, पाहुण्यांना गुच्छ देणं, सगळीकडे त्याच पुढे. दुसऱ्या वर्षी त्यांनी मला घेतलं तेव्हा आईने शेजारी पेढे वाटले. का घेतलं, ते महिन्याभरात कळलं. स्पर्धेसाठी त्यांना कोळीनृत्य बसवायचं होतं. मी पावलं शिकवली. घरून आईची, काकीची लुगडी आणली. त्यांचा माझ्याशिवाय दुसरा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे हे मला एका मुलीच्या फोनवर दिसलं. माझा डबा उघडला की त्यांची अध्यक्ष ऋतुजा उठून खिडकी उघडायची.

स्पर्धेच्या दुपारी मी एकेकीला लुगडं नेसवलं. शेवटचा काष्टा खोचून झाल्यावर विचारलं, "मी कुठे उभी राहू?"

"अगं, तू बॅकस्टेज सांभाळ ना," ऋतुजा म्हणाली. "तू खरीखुरी कोळीण दिसतेस गं. बाकीच्यांशी मॅच होत नाही."

दारातून मावशी मोठ्याने हसली. "खरी हाय म्हनून नको! आयका!"

ऋतुजाचं तोंड लाल झालं. सगळ्या माझ्या आईची लुगडी नेसून निघून गेल्या आणि मला रडू फुटलं. मावशीने काही जवळ घेतलं नाही. "रडायचं तं भायेर रड. फरशी आताच पुसलीय."

"मी उद्याच सोडते हा ग्रुप."

"कशाला? त्यांना तेच पायजे. आमच्या गावाच्या चारी बाजूंना बिल्डिंगी झाल्या. त्यांना आमच्या मच्छीचा वास येतो, आमच्या लग्नाच्या हळदीत वाजनाऱ्या बेंजोचा तरास होतो. म्हनून आमी गाव सोडून गेलो का? तुला बगून त्यांची तोंडं वाकडी होतात ना? होऊ दे. बस तिथंच."

मी बसले. निव्वळ रागाने बसले. प्रत्येक बैठकीला सोफ्यावर जागा मिळाली नाही तर त्याच्या हातावर टेकायचे आणि ऋतुजाकडे बघत सुकट चवीने खायचे. मावशी दारातून बघायची. हळूहळू त्यांना माझी सवय झाली आणि मला त्यांची. एके दिवशी त्यांनी मला त्या दुसऱ्या ग्रुपमध्येही घेतलं. तेव्हा मला किती आनंद झाला होता, हे सांगायची आज लाज वाटते.

तिसऱ्या वर्षी नव्या मुलींची निवड होती. तळोज्याहून येणारी एक मुलगी निवेदन फार छान करायची. वडील केमिकलच्या कारखान्यात पाळीवर जायचे. ती बोलून बाहेर गेली, आणि ऋतुजा म्हणाली, "हिच्या कपड्यांना कसलातरी वास येतो, नाही?" सगळ्या हसल्या. मीही हसले. नको म्हणणाऱ्यांचे हात वर झाले, त्यांत माझाही होता. मग लक्षात आलं, ती मुलगी लांब गेलीच नव्हती. मावशीच्या खुर्चीमागे उभी होती. दोघींनी माझा हात पाहिला.

मुलगी निघून गेली. मावशी उठून माझ्यासमोर आली. "मी तुला बस म्हनलं व्हतं. त्यांच्यासारकी हो असं नाय म्हनलं."

"तूच सांगितलंस ना, सोडू नको म्हणून?" मी उलट बोलले.

"व्हय. चुकलं माजं." एवढं बोलून ती बादली उचलून गेली.

त्याच संध्याकाळी मी ऋतुजाला माझं नाव काढायला सांगितलं. "आता का? आता तर सगळं छान चाललंय," ती म्हणाली.

"म्हणूनच," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी बसस्टॉपवर तळोज्याच्या मुलीची माफी मागितली. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं, "बरं" म्हणाली आणि बसमध्ये चढली. पुन्हा कधी माझ्याशी बोलली नाही.

मावशीही बोलेना. परीक्षेच्या तोंडावर कंत्राटदार बदलला आणि तिच्या खुर्चीवर दुसरीच बाई दिसली. मी शोधत बेलपाड्याला गेले. मावशी ओट्यावर सुका जवळा निवडत होती.

"सोडलंस का त्यांना?"

"सोडलं. त्याच दिवशी."

तिने मान वर केली नाही. तसंच सूप माझ्याकडे सरकवलं. "निवड. खडे हायेत." आम्ही ऊन उतरेपर्यंत निवडत बसलो. मी उठले तेव्हा ती म्हणाली, "ती पोर तुला माफ नाय करनार. नको करू दे. तू मात्र इसरू नको."

मी विसरलेले नाही.